गच्चीवर मातीविना भाजी: मुळं कुजली, आता कुठून सुरू करू?

मांजराकाठची (लातूर), 9 एप्रिल

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला नीट अंदाज येणार नाही.

मी लातूरला राहते, घरीच शिवणकाम करते. नळाला आठ-दहा दिवसांतून एकदा पाणी येतं. गच्ची मोठी आहे, सहाशे चौरस फूट तरी असेल, पण कुंड्यांना रोज दोन-तीन बादल्या पाणी ओतायला हात धजत नाही. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा माझी मुलगी सात महिन्यांची होती. तिच्या अंघोळीचं पाणी परातीत धरायचं, त्यात लंगोट धुवायचे आणि तेच मग संडासात. तेव्हापासून घरात कुणी नळ जरा जास्त सोडला तरी माझ्या काळजात धस्स होतं.

हायड्रोपोनिक्सला, म्हणजे मातीविना नुसत्या खताच्या पाण्यात भाजी घ्यायला, पाणी कमी लागतं हे ऐकलं आणि मनात भरलं. जानेवारीत ऑनलाईन 36 छिद्रांचा पाइपांचा सेट मागवला. शिवणातून साठवलेले साडेआठ हजार गेले. त्यासोबत लेट्यूसचं, म्हणजे सॅलडच्या पाल्याचं, बी, खताच्या ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्या आणि छोटा पंप आला. विकणाऱ्यानं फोनवर सांगितलं होतं, कुठलंही पाणी चालतं, बारा महिने पीक येतं.

फेब्रुवारीच्या शेवटी रोपं लावली. पहिले पंधरा दिवस इतकी सुरेख दिसत होती की शेजारपाजारच्या बाया बघायला यायच्या. मार्च अर्धा सरला आणि दुपारी पानं माना टाकायला लागली. संध्याकाळी परत उभी राहायची. मग संध्याकाळीही उठेनात. नवीन पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. परवा एक रोप उपसून बघितलं. मुळं भिजवलेल्या चिंचेच्या रंगाची. दोन बोटांत धरून ओढलं तर वरची साल बुळबुळीत होऊन हातात आली आणि आत बारीक दोरा तेवढा राहिला. वास गटारीचा.

दुपारी तीनला पाइपात बोट घातलं तर पाणी अंघोळीला काढावं तसं कोमट. पाणी आमच्या बोअरचं आहे. आठवड्यातून दोनदा तरी तास-दीड तास लाईट जाते.

सासूबाई औशाकडच्या. त्यांना लेट्यूस काय ते माहीत नाही, त्यांना पालक, चुका, पुंडीची भाजी हवी. मलाही तेच हवंय. हे सगळं बंद करून भंगारात देऊ, की अजून करण्यासारखं काही आहे? असेल तर पहिली पायरी कोणती?

गोदाकाठ (नांदेड), 9 एप्रिल

ताई, बंद करू नका. तुमचं लक्ष चांगलं आहे. साल सरकून आत दोरा राहतो, ही एवढी एक खूण तुम्ही टिपलीत त्यावरूनच रोग कळला. ही मूळकूज. बहुतेक पिथियम नावाच्या बुरशीसारख्या जिवामुळे होते. तो पाण्यातूनच पसरतो, आणि पाणी गरम व मुळं गुदमरलेली असली की त्याचं फावतं.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे. सात वर्षं गच्चीवर हेच करतोय आणि पहिली दोन वर्षं माझंही पीक असंच गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मूळही श्वास घेतं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन त्याला लागतो. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 35 अंशांना तो 7 च्या आसपास येतो. आणि उष्णतेनं मुळांची भूक मात्र वाढलेली असते. पाइपात पाण्याचा पातळ थर असतो, त्यामुळे ऊन लागलं की तो तासाभरात तापतो. त्यात लाईट गेली, पंप थांबला, की मुळं उघडी. लेट्यूसच्या मुळांना 18 ते 24 अंशांचं पाणी मानवतं. आपल्याकडे मार्च ते जून गच्चीवर ते कुठून आणायचं? ही पाइपांची रीत थंड हवेत आणि अखंड विजेवर छान चालते. मराठवाड्यातल्या उघड्या गच्चीवर, 42 अंशांत, सुरुवात करायला ती नाही. तुम्हाला हे विकताना कुणीतरी सांगायला हवं होतं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

तुमच्यासाठी बादलीची रीत. हवाई विद्यापीठाच्या बर्नार्ड क्रॅटकी यांनी ती रूढ केली, म्हणून तिला क्रॅटकी पद्धत म्हणतात. पंप नाही, वीज नाही. 15 लिटरची झाकणाची बादली घ्यायची, रंगाची रिकामी असेल तर आतून स्वच्छ खरवडून धुवायची. झाकणाला दोन इंची जाळीच्या कपाएवढी तीन भोकं पाडायची. खताचं पाणी कपाच्या बुडाला एक-दोन सेंटिमीटर भिजवेल इतकं भरायचं. रोप पाणी पितं तशी पातळी उतरते आणि वरची मुळं दमट हवेत लोंबकळत राहतात. तीच मुळं मग हवेतून श्वास घेतात. खरी मेख इथंच आहे. पातळी उतरली म्हणून घाबरून बादली परत काठोकाठ भरली तर ती हवेची मुळं बुडतात आणि रोप दोन दिवसांत मान टाकतं. भरायचीच वेळ आली तर निम्म्यापर्यंत, त्यावर नाही.

लेट्यूस सध्या विसरा. देशी पालक लावा, ऑल ग्रीन नावाचं वाण कुठल्याही बियाण्याच्या दुकानात मिळतं. आपला पालक बीटाच्या कुळातला, म्हणून क्षार आणि ऊन दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. त्याचं एक बी म्हणजे खरं तर दोन-तीन बियांचा गोळा असतो. रात्रभर भिजत घाला, उगवल्यावर जोमदार कोंब ठेवून बाकीचे कात्रीनं कापा. उपटू नका, शेजारचं मूळ दुखावतं.

पण यातलं काहीही आत्ता करू नका. पहिली पायरी तुमचं पाणी. दीड-दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर, म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारा, मिळतो तो आणा आणि बोअरचं, नळाचं, आरओचं पाणी वेगवेगळं मोजून इथं लिहा. शिरा हिरव्या आणि पान पिवळं हे लिहिलंत, तिथंच मला बोअरचा संशय आला. त्यावर पुढं बोलू.

वावरवाला (परभणी), 10 एप्रिल

पान पिवळं आणि शिरा हिरव्या याला केवडा म्हणतात. सरांनी तो शब्द वापरला नाही, मी वापरतो. चुनखडीच्या रानात उसाला, सोयाबीनला जो केवडा पडतो तोच तुमच्या लेट्यूसवर पडलाय. लोह नाही असं नाही, बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेट क्षारांमुळे सामू (पीएच) आठाच्या पुढं जातो आणि असलेलं लोह मुळाला घेता येत नाही. सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान पाहिजे.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. ताई, बाटल्या परत मागवू नका, त्याच वस्तू ड्रीपमधून सोडायच्या खतांत आहेत. पाकिटावरचे तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) यांचे टक्के. मात्र दुकानात गेलात की पहिल्यांदा 19:19:19 हातात देतील. ते घेऊ नका. रानात ते चालतं, कारण मातीतले जिवाणू युरिया फोडून देतात. 19:19:19 मधला निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो, आणि बादलीत तो फोडणारं कुणी नसतं.

15 लिटरच्या एका बादलीला कॅल्शियम नायट्रेट 10 ग्रॅम, 13:00:45 साडेचार ग्रॅम, 00:52:34 तीन ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट 6 ग्रॅम. सोनाराचा असतो तसा छोटा काटा ऑनलाईन तीन-चारशेला मिळतो, चमच्यानं मापू नका. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या तांब्यात विरघळवायचं आणि बाकी सगळं बादलीत मिसळून झाल्यावर शेवटी ओतायचं. कोरडी खतं एकत्र करून थोड्या पाण्यात कालवलीत की कॅल्शियम सल्फेटला आणि स्फुरदाला धरतं, खाली पांढरा गाळ बसतो. तो गाळ म्हणजे तुमचं खत वाया. त्या ‘ए’ आणि ‘बी’ दोन बाटल्या वेगळ्या असतात त्या याच कारणानं. कॅल्शियम नायट्रेटचं पाकीट फोडलं की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, हवेतली ओल धरून त्याचं पाणी होतं.

लोहासाठी फेरस ईडीटीए 12 टक्के. 10 ग्रॅम एक लिटर पाण्यात करून गडद बाटलीत ठेवा, बादलीला त्यातलं 25 मिली. बाकीच्या सूक्ष्म अन्नद्रव्यांचं चिलेटेड ग्रेड-2 मिश्रण 5 ग्रॅम लिटरमध्ये, त्यातलं 30 मिली. हे मिश्रण फवारणीसाठी केलेलं असतं, जस्त आणि तांबं त्यात जास्त, म्हणून हात सैल सोडू नका.

सामू उतरवायला फॉस्फरिक ॲसिड, ड्रीप साफ करायला नेतात तेच. चष्मा आणि हातमोजे घाला. आधी पाणी, मग त्यात ॲसिड, उलटं कधीच नाही. 10 मिली एक लिटर पाण्यात पातळ करा आणि ते थोडं थोडं बादलीत. मुलगी जवळ असताना हे काम करू नका.

तेरणाकाठ (धाराशिव), 10 एप्रिल

ताई, लंगोटाचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडेही तेच दिवस होते.

माझ्याकडे पाच वर्षांपासून नऊ बादल्या आहेत. दोन गोष्टी सांगते. बादलीला बाहेरून आधी काळा रंग आणि त्यावर चुन्याचे दोन हात. काळ्यामुळे आत उजेड जात नाही आणि शेवाळ धरत नाही, पांढऱ्यामुळे ऊन परततं. उन्हाळ्यात वर गोणपाट गुंडाळून सकाळी एकदा ओलं करते. आपली हवा कोरडी, त्यामुळे माठासारखा गारवा येतो. मी थर्मामीटरनं बघितलंय, दुपारी चारला उघडी बादली 36 आणि गोणपाटातली 28. गोणपाटाला भाज्या धुतलेलं पाणी वापरते, चांगलं पाणी नाही.

दुसरं, डास. थांबलेलं पाणी आहे हे विसरायचं नाही. कपाच्या कडेला बोटभर फट राहिली तरी डास अंडी घालतो, आणि डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच वाढतो. मी प्रत्येक कपाभोवती जुन्या ओढणीची पट्टी दाबून बसवते. तुम्ही तर शिवता, इलॅस्टिक घालून झाकणाला टोपीच शिवून टाका.

उन्हाळ्यात पुदिना लावून बघा. भाजीवाल्याकडून आणलेल्या जुडीतल्या काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्यात मुळं फुटतात. बी नको, काही नको.

मांजराकाठची (लातूर), 14 एप्रिल

तुम्ही सगळ्यांनी इतक्या मनापासून लिहिलंत, दोनदा वाचून काढलं. मीटर आला. बोअर 1180. नळाचं 410, पण ते पिण्यापुरतंच पुरतं. आरओचं 60. आणखी एक, भावाच्या अपार्टमेंटमध्ये सॉफ्टनर बसवलाय, तिथलं पाणी आणून मोजलं तर 1210! साबणाला फेस तर छान येतो. मग ते पाणी चालेल का?

गोदाकाठ (नांदेड), 14 एप्रिल

ताई, सॉफ्टनरचं पाणी अजिबात नको. सॉफ्टनर क्षार काढत नाही, कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम घालतो. म्हणून फेस येतो आणि मीटरचा आकडा तिथंच राहतो. रोपाला कॅल्शियम हवं असतं, सोडियम त्याला जाचतं. बोअरचं पाणी परवडलं, पण हे नको.

तुमच्या आकड्यांवर हिशोब असा. तीन भाग आरओ आणि एक भाग बोअर घेतलंत तर टीडीएस साधारण 340 येईल. त्यात वावरवाल्यांचं खत टाकल्यावर मीटर 1000 च्या जवळ दाखवेल. पालकाला तेवढं ठीक. बोअरमधून थोडं मॅग्नेशियम येतंच, म्हणून सल्फेट 6 ऐवजी 4 ग्रॅम चालेल. मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्याला 500 किंवा 700 नं गुणून क्षारांचा आकडा दाखवतो; तुमचा 500 च्या मापाचा आहे की 700 च्या, हे खोक्यावर बघा. दोन मीटरांचे आकडे जुळत नाहीत ते बहुतेक यामुळेच.

पण आरओबद्दल मला मनापासून एक सांगायचंय. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो. पाणी वाचवायला म्हणून आपण हे करतोय आणि गटारीत तिप्पट सोडतोय, असं व्हायला नको. ते टाकाऊ पाणी फरशीला, संडासाला वापरा. बादलीत नको, त्यात बोअरपेक्षा जास्त क्षार साठलेले असतात.

याहून चांगलं पाणी तुमच्या गच्चीवर दरवर्षी फुकट पडतं. सहाशे चौरस फूट म्हणजे साधारण 55 चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. दहा मिलिमीटरची एक सर आली तर साडेपाचशे लिटर! त्याचा टीडीएस बहुतेक वेळा 50 च्या आत असतो. पहिल्या एक-दोन सरी धूळ धुवून जाऊ द्या, मग पाइपाला कापड बांधून 200 लिटरची दोन निळी पिंपं भरून घ्या. झाकण घट्ट, उजेड आणि डास दोन्ही बंद. या पाण्यात बायकार्बोनेट जवळजवळ नसतं, ॲसिडची बाटली बहुतेक उघडावीच लागणार नाही.

म्हणून माझं ऐकाल तर आत्ता फक्त पुदिन्याच्या दोन बादल्या, गोणपाटात गुंडाळून, पूर्वेच्या भिंतीला. हात बसेल. जूनमध्ये पाणी धरा. खरी लावणी ऑक्टोबरात करा.

शिवारातून (जालना), 16 एप्रिल

थोडं विषयाला सोडून. आमच्याकडे दुष्काळात जनावरांसाठी ट्रेमध्ये मक्याचा चारा केला होता, सात-आठ दिवसांत एक किलो मक्याचा सहा-सात किलो हिरवा चारा. तोही हायड्रोपोनिकच. कुणी वाचून करायला निघालं तर एवढं ध्यानात ठेवा, वाढलेलं वजन पाण्याचं असतं. कोरड्या मापानं बघितलं तर दाण्यात होतं त्यापेक्षा किंचित कमीच उरतं. जनावर आवडीनं खातं, दुधाला बरं, पण कडब्याची जागा तो घेत नाही. आम्ही कडबा कमी केला आणि म्हशी पंधरा दिवसांत उतरल्या.

मांजराकाठची (लातूर), 23 नोव्हेंबर

सगळ्यांना कळवायचं राहून गेलं होतं. सविस्तर लिहिते.

पुदिना मेपर्यंत टिकला. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोन्ही पिंपं एकाच रात्रीत भरली. मी आणि मुलगी बॅटरी घेऊन गच्चीवर उभ्या होतो, पिंप भरल्याचा आवाज बदलतो ना, तो ऐकत. दुसऱ्या दिवशी मीटर बुडवला, 28. मी तो पुसून परत बुडवला.

2 ऑक्टोबरला पालकाचं बी भिजवलं. कपांत भरायचं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तीनदा धुतलं, पहिल्या धुण्याचं पाणी 900 दाखवत होतं, तिसऱ्याचं 150. सहा बादल्या, प्रत्येकीत तीन रोपं. टोप्या शिवल्या, तेरणाकाठच्या ताईंनी सांगितल्या तशाच, जुन्या चादरीच्या, इलॅस्टिक घालून. एकाही बादलीत अळी सापडली नाही.

9 नोव्हेंबरला पहिली खुडणी केली, बाहेरची पानं तेवढी घेतली. 430 ग्रॅम भरली. सासूबाईंनी मुगाची डाळ घालून भाजी केली आणि ताटात वाढायच्या आधी पान हातात धरून उजेडाला बघत बसल्या. “वल्ली मातीबी न्हाई हिला,” एवढंच बोलल्या. दुसऱ्या दिवशी स्वतः जिना चढून वर आल्या, गुडघे दुखतात तरी. आता सकाळी झाकणं उचलून मुळं त्याच बघतात. मुळं पांढरीशुभ्र आहेत, मोगऱ्याच्या गजऱ्यातल्या दोऱ्यासारखी.

पाण्याचा हिशोब वहीत लिहिलाय. सहा बादल्यांना सुरुवातीला 90 लिटर, नंतर आजपर्यंत 31 लिटर. पूर्वी कुंड्यांना चार-पाच दिवसांत तेवढं जायचं.

एक बादली बिघडली. चुना पोपडून पडला होता तिथून उजेड शिरला आणि आत हिरवं शेवाळ झालं. ती ओतून परत रंगवली, खताचं पाणी कढीपत्त्याला घातलं. पुंडी उगवली पण उंच वाढून कलंडली, तिला कामटीचा आधार दिलाय.

पाइपांच्या सेटमधलेच कप बादल्यांना उपयोगी पडले. पाइप अजून तसेच आहेत.

सर, सासूबाई आता मेथी मागतात. बादलीच्या तीन भोकांत मेथी कशी मावणार?

गोदाकाठ (नांदेड), 23 नोव्हेंबर

ताई, तुमची वही मी घरात सगळ्यांना वाचून दाखवली. 121 लिटर!

मेथीला बादली नको. तळाला भोकं असलेला पसरट ट्रे घ्या, तीन इंच धुतलेलं कोकोपीट भरा. दाणे रात्रभर भिजवून दाट पेरा, इतके की दाण्याला दाणा लागावा, वर बोटाच्या पेराएवढंही कोकोपीट नको, नुसतं झाकलं तरी पुरे. पहिले पाच-सहा दिवस पावसाचं साधं पाणी, दुसरं पान आलं की याच खताचं निम्मं पातळ पाणी. खाली ताट ठेवा, निथळलेलं परत वर घालता येतं. थंडीत 25 दिवसांच्या आत-बाहेर जुडी होते.

आणि पाइप भंगारात देऊ नका. दोन्ही टोकं बंद करून त्यात कोकोपीट भरा, 36 भोकांत लसूण टोचा. पातीसाठी. आत्ता पेरलात तर संक्रांतीच्या भोगीच्या भाजीवर घालायला येईल.